पाय घसरणारा तालुका

शिरगुंडी तालुक्यात त्या साली बायकांचे जेवढे पाय घसरले, तेवढे हिमालयात बर्फावरसुद्धा कुणाचे घसरत नसतील. आणि बायका तरी कुठल्या? सगळ्या गरोदर. आणि जागा? सगळ्यांची एकच, न्हाणी. सरकारी दप्तरात आकडा होता दोनशे बारा. राजधानीतल्या एका अतिहुशार संगणकानं तो वाचला, दोन सेकंद विचार केला आणि निदान केलं की शिरगुंडीच्या फरश्या गुळगुळीत आहेत. पंधरवड्यात तालुक्यात नऊ ट्रक येऊन थडकले. नऊही ट्रकांत काठोकाठ खडबडीत रबरी चटया.

हसू नका. लोकांनी त्या घेतल्या. न्हाणीत घातल्या, गोठ्यात घातल्या, उरल्या त्या खुराड्यावर टाकल्या. पाय मात्र घसरतच राहिले.

आता हे पाय घसरवले कुणी? तर तालुक्यातल्या चाळीस आशाताईंनी, मोबाइलवर, अंगठ्यानं. त्या चाळिसांत सगळ्यांत जलद अंगठा होता शालन मुळीक हिचा. वय छप्पन्न, विधवा, पायांत भिंगरी. गावातलं एकही बाळंतपण तिच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. घरी लेक राजवर्धन, त्याचं बेदाण्याचं शेड, आणि सून ईश्वरी, पूर्वी प्रयोगशाळेत नोकरीला, आता सातव्या महिन्यात घरी.

या सगळ्याच्या मुळाशी होता गर्भपट्टा. चार बोटं रुंद, सुती, आतून तांब्याच्या धाग्यांनी विणलेला. तिसरा महिना लागला की आशाताईनं तो बाईच्या पोटावर बांधायचा. आंघोळीला तेवढा काढायचा, एरवी दिवसरात्र अंगावर. पट्टा आईच्या हृदयाची वीज ऐकायचा आणि बाळाचीही, आणि भरल्या बाजारात आपल्या पोराची हाक वेगळी काढावी तशी दोन्ही वेगळी काढायचा. श्वास मोजायचा, पोटाचे स्नायू किती आवळले ते बघायचा, धक्का बसला तर कुठल्या बाजूनं ते सांगायचा. बनवला होता वेळेआधीच्या कळा ओळखायला. त्यात तो पटाईत निघाला. पण लाखभर बायकांच्या नोंदी जमल्या तेव्हा शास्त्रज्ञांना त्यांत काहीतरी भलतंच दिसलं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर तांबोळी मॅडमनी ते आशाताईंना फळ्यावर समजावलं होतं.

"पडणारं माणूस आधी पडतं, मग घाबरतं," मॅडम म्हणाल्या. "तोल जातो, हात पुढं येतात, धक्का बसतो, त्यानंतर छाती धडधडते. पण काही नोंदींत क्रम उलटा आहे. आधी श्वास थांबलाय. आधी पोट आवळलंय. गर्भाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आधी आकसल्यात, बाळाचा ठोका आधी बिथरलाय. आणि धक्का नंतर. कधी चार सेकंदांनी, कधी चाळीस. म्हणजे त्या शरीराला ठाऊक होतं की काहीतरी येणार आहे. फरशी येणार आहे हे कुणाला आधी कळतं का ताई? हात येणार आहे हे कळतं."

दालनात चाळीस बायका होत्या. एकीनंही चहाचा घोट घेतला नाही.

अशी नोंद झाली की आशाताईच्या मोबाइलवर सत्तावीस नंबरची खूण उमटायची. तिनं दिवसाच्या आत घरी जायचं, बाईला एकटीला गाठायचं, विचारायचं आणि कारण निवडायचं. यादीत पहिलं कारण होतं 'पाय घसरला'. त्याच्यावर अंगठा ठेवला, जागा 'न्हाणी' टाकली की विषय संपला. सगळ्यांत तळाला, दोनदा वर सरकवल्यावर, 'मारहाण'. ते निवडलं की अकरा पानं उघडायची, बाईचा अंगठा मागायची, पुरवणी जबाब मागायची. आशाताईला दिवसाचे चौदा फॉर्म. गाव आपलं, लोक आपले, उद्या त्याच दारात पोलिओ पाजायला जायचं. मग काय, पहिलं कारण. शालन तर दारातूनच आवाज द्यायची, "पाय घसरला न्हवं गं?" आतून "व्हय" आलं की ही चप्पल न काढता पुढच्या घरी.

आणि मग एका मंगळवारी, सुताराच्या घरी चहाची बशी तोंडाला लावलेली असताना, मोबाइल थरथरला. खूण सत्तावीस. नाव: ईश्वरी राजवर्धन मुळीक.

शालननं बशी ठेवली. सुताराची म्हातारी म्हणाली, "का गं, पोळलं?"

"न्हाई. घरी दूध उतू गेलं असंल," असं काहीतरी बोलून ती उठली. वाटेत तिला कोण भेटलं, कुणाला ती काय म्हणाली, तिला आठवत नाही. गल्लीतून ती पळत नव्हती, पण पदर मात्र पळत होता.

ईश्वरी ओट्याशी भाकरी थापत होती. डावं कोपर टम्म सुजलेलं. राजवर्धन पाटावर बसून जेवत होता. आईला बघून हसला. पोरगं हसरं, हे कुणीही सांगेल. आईला दर बाजारी कांदाभजी आणायचं, म्हाताऱ्यांना हात देऊन रस्ता ओलांडून द्यायचं.

"ये आई. तुझ्या चटया लई झाल्या बघ. यंदा त्यांच्यावरच बेदाणा वाळवू का?"

शालन हसली नाही. तिनं सुनेकडं बघितलं. मग तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते वीस वर्षांच्या सवयीनं पडलं.

"न्हाणीत पाय घसरला न्हवं?"

ईश्वरीनं भाकरी तव्यावर टाकली. "हो आई."

न्हाणीत दोन चटया होत्या. शालननं स्वतःच्या हातानं अंथरल्या होत्या, एकावर एक. तिनं मोबाइल काढला आणि अंगठा ठेवला.

त्या दिवसापासून तिचं बूड जमिनीला टेकेना. गावात गेली की घर डोळ्यांसमोर, घरात बसली की कान गल्लीत. चौदा फॉर्म नऊवर आले. तिनं आपलं अंथरूण माजघरात आणलं, लेकाच्या खोलीच्या दाराला लागून. राजवर्धन म्हणाला, "आई, राखण करतीस का काय?" ती म्हणाली, "आत उकडतंय." तेव्हा माघ महिना चालू होता. संध्याकाळी शेडवरून त्याची मोटारसायकल वळणावर वाजली की ही आधी दारात. त्याला पाणी हीच द्यायची, ताट हीच वाढायची, भाजीत मीठ जास्त झालं तर आधीच ओरडायची, "मी घातलं बरं का!" ईश्वरीच्या माहेरी दोन वेळा फोन लावून कापला. वहिनी बाळंतीण, दोन खोल्या, सहा माणसं. ओटी भरली की नेतो, असं ते आधीच म्हणाले होते, म्हणजे अजून तीन आठवडे.

एवढी राखण करून शनिवारी दुपारी पुन्हा खूण उमटली. शालन अंगणात तुळशीला पाणी घालत होती, वीस पावलांवर. आत आवाज झाला नव्हता. वीस पावलं, आणि आवाज नाही. ती आत गेली तेव्हा राजवर्धन मागच्या दारानं शेडवर निघून गेलेला. ईश्वरी भिंतीला टेकून उभी, दोन्ही हात पोटाखाली.

"काय... पाय...?"

"हो," ईश्वरी म्हणाली. "घसरला."

सोमवारी तांबोळी मॅडमनी बोलावून घेतलं. समोर पडद्यावर सुनेच्या पट्ट्याचा आलेख.

"बसा, शालनताई."

"उभीच बरी आहे."

"मला एक सांगा. आंघोळीला पट्टा काढून ठेवतात ना?"

"व्हय. भिजला तर बिघडतो."

"मग दोनशे बारा बायका न्हाणीत पडल्या आणि दोनशे बाराही जणींची नोंद पट्ट्यानं केली. ती कशी काय? तुमच्या तालुक्यात बायका पट्ट्यासकट, लुगड्यासकट आंघोळ करतात का?"

खोटंही धड बोलता येऊ नये माणसाला! चाळीस बायकांनी मिळून एक खोटं रचलं आणि त्याला बूडच ठेवलं नाही.

मग ती बसली. बोलली. म्हणाली, "मॅडम, त्याचा दोष न्हाई. तो माझ्या पोटात होता तवा त्याचा बाप मला... तुमीच शिकवलं की, बाळाला आतून सगळं कळतंय. त्याच्या रक्तातच ते भिनलंय."

"तुमची लेक पूनम कुणाच्या पोटात होती?"

"माझ्याच की!"

"तेव्हा तिचा बाप काय साधू झाला होता?"

"न्हाई ओ. तसाच."

"मग ती तिच्या नवऱ्याला बडवते का? पोटात घाबरलेलं मूल पुढं जरा भित्रं होतं, झोप कमी होते, वजन कमी भरतं. हे मी शिकवलं. हात उचलायला पोटातून कुणी शिकून येत नाही ताई. तो शेडवरच्या गड्यांवर उचलतो का?"

"छे. गडी सोडून जातील."

"बघा. म्हणजे कुणावर उचलायचा नाही ते त्याला बरोबर कळतं."

मॅडमनी आलेख पुढं सरकवला. "अजून एक दाखवायचंय. या पिवळ्या रेघा म्हणजे नुसती भीती, धक्का नसलेली. रोज संध्याकाळी पावणेसातला एक आहे."

"तो शेडवरून येतो तवा."

"हं. आणि या? मंगळवारी साडेबाराला, मार बसून गेल्यावर. शनिवारी दोन वाजता, पुन्हा तसंच. अशा आणखी चार आहेत. त्या तर तो शेडवर असताना. त्या वेळी घरात कोण येतं?"

शालननं रेघांकडं बघितलं. मंगळवार साडेबारा. शनिवार दोन. गुरुवार अकरा. ती वेळा वाचत गेली आणि एकेका वेळेला ती कुठं होती ते तिला दिसत गेलं. उंबऱ्यावर. मोबाइल हातात. तोंडात तो प्रश्न तयार.

नातवाचा ठोका आजीच्या पावलांनी बिथरत होता.

घरी परतताना ती बसस्टॉप विसरली आणि चार किलोमीटर चालत आली. ईश्वरी पडवीत बेदाणे निवडत होती. सासूला बघून तिचे हात थांबले. शालनला ते थांबणं दिसलं. याआधीही थांबत असणार, पण याआधी बघितलं कुणी?

शालन जमिनीवर बसली. मोबाइल तिनं पिशवीत टाकला, पिशवी खुंटीला लावली, मग पुन्हा खाली बसली.

"काय झालं, ईश्वरी?"

सून तिच्याकडं बघत राहिली. "आज तर काही नाही."

"मंगळवारी काय झालं? शनिवारी?"

"पाय..."

"पाय सोड. माझं पहिलं पोर सातव्यात गेलं. मीबी सुईणीला पाय घसरला म्हणूनच सांगितलं होतं. तिनंबी उंबऱ्यावरनंच इचारलं होतं, माझ्यासारखंच."

सुनेनं बेदाण्यांचं सूप बाजूला ठेवलं. मग ईश्वरी म्हणाली, "आई, तुम्ही आज पहिल्यांदा विचारलंत. इतके दिवस तुम्ही मला सांगत होता."

आणि तिनं सांगितलं, थोडंसंच. बाळ राहिल्यापासून वाढलंय, म्हणाली. पूर्वी हातावर मारायचा, आता पोटाच्या बाजूला. म्हणतो, तुझं सगळं ध्यान आता त्याच्याकडं.

"माहेरी धाडू?"

"मी का जाऊ? पडत्ये मी, मारतो तो. त्यानं जावं."

शालनला हा विचार छप्पन्न वर्षांत शिवला नव्हता. घर तर तिच्याच नावावर होतं. तिनं पिशवी काढली, यादी दोनदा वर सरकवली, तळाशी पोचली. "अंगठा तुझा लागतो. ठेवायचा का न्हाई, तू ठरव."

ईश्वरीनं हात पदराला पुसला आणि अंगठा ठेवला. अकरा पानं भरायला वीस मिनिटं लागली. शेवटी हिरवी बरोबरची खूण आली. तिच्याखाली दोन ओळी: 'संरक्षण अधिकारी पुढील कार्यालयीन दिवशी भेट देतील. कुटुंबाच्या नोंदणीकृत क्रमांकावर सूचना पाठवली आहे.'

शालननं दुसरी ओळ पुन्हा वाचली. नोंदणीकृत क्रमांक! गावातल्या झाडून सगळ्या बायकांच्या रकान्यात तिनं नवऱ्यांचे नंबर घातले होते. बायकांचे नंबर बदलतात, नवऱ्याचा कायम राहतो, ही तिचीच शिकवण, सगळ्या आशाताईंनी उचललेली. ईश्वरीच्या रकान्यात राजवर्धनचा नंबर होता.

शेड तीन कोस लांब. मोटारसायकलला पंधरा मिनिटं.

तिनं पोलीस चौकीला फोन लावला. "साहेब यात्रेच्या बंदोबस्ताला गेलेत. तासाभरात येतो." तांबोळी मॅडम फोन उचलेनात. शेजारची बाळक्का बहिरी, तिचा नवरा तिच्याहून बहिरा. शालन अंगणात गेली, आत आली, पुन्हा गेली. आणि तिसऱ्या फेरीला थांबली.

"ईश्वरी, पट्टा सोड."

"काय?"

"सोड म्हणते ना. मला बांध."

सत्तावीस नंबरला सरकार एक दिवस घेतं. पण पट्ट्याला बाळाचा ठोका सापडेनासा झाला, तर यंत्र कुणालाही विचारत नाही. स्वतःच गाडी सोडतं, स्वतःच डॉक्टरांना उठवतं. आरोग्य केंद्रातून मुळीकांचं घर, आठ ते दहा मिनिटं. पट्टा काढून ठेवला तर त्याला वाटतं, बाई आंघोळीला गेली. पण तोच पट्टा अंगावर असेल, आईचं काळीज वाजत असेल, आणि बाळ मात्र नाही?

छप्पन्न वर्षांच्या विधवेनं सुनेचा पट्टा पोटावर करकचून आवळला, मागचं दार आतून लावून घेतलं, सुनेला आत घालून बाहेरून कडी लावली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. पट्ट्यानं तिच्या पोटात इकडं शोधलं, तिकडं शोधलं. छत्तीस वर्षांपूर्वीचं तर काही तिथं सापडणार नव्हतं. मिनिटभरात मोबाइल लाल झाला.

गाडीआधी मोटारसायकल आली. वळणावर तिचा आवाज झाला आणि शालनला कळलं, आपला श्वास थांबलाय. पोट आपोआप आवळलंय. अजून तो दिसलाही नव्हता. पोटचा पोरगा, आणि अंगाला हे केव्हापासून ठाऊक होतं!

राजवर्धन उतरला. हसत नव्हता. हातातला मोबाइल त्यानं तिच्यापुढं नाचवला. "हे काय आहे, आई?"

"वाचायला येतं की तुला."

"तू भरलंस? पोटच्या पोरावर?"

"भरलं तिनं. मी नुसतं धरलं."

"सर बाजूला."

"न्हाई."

"आई, सर म्हणतोय."

"मी न्हाई सरत. तूच सर. घर माझं हाय. कपडे घे आन् शेडवर राहा."

त्यानं तिच्याकडं असं बघितलं, जणू ओट्यावरचा पाटा बोलायला लागलाय. मग त्यानं तिचा दंड धरला आणि बाजूला लोटलं. जोरात नसेल, त्याच्या मते. शालन पायरीवरून खाली गेली, खांद्यावर आपटली. तो कडीला हात घालणार तोच गल्लीत भोंगा वाजला.

गाडीतून आधी तांबोळी मॅडम उतरल्या, हातमोजे अर्धे चढवलेले. मागून चालक गुंडू खोत, तालुक्याचा जुना पैलवान, दारातून आडवाच बाहेर येणारा.

"ईश्वरी कुठाय? ठोका कधीपासून नाही?"

"ठोका आत हाय, सुखरूप," जमिनीवरून शालन म्हणाली. "पट्टा माझ्या पोटावर हाय. खोटं बोलले, मॅडम. पण शेवटचं."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, पट्ट्याकडं, मग राजवर्धनकडं. त्याच्या चेहऱ्यावर ते गोड हसू परत आलं होतं. "काही नाही मॅडम, आईचा जरा पाय घसरला."

मॅडमनी हातातल्या पडद्यावर बोट फिरवलं. "आधी घाबरल्या, मग पडल्या. मध्ये दोन मिनिटं. तुमची आई तुम्हाला दोन मिनिटं आधीपासून घाबरत होती, राजवर्धन."

तो काही बोलायला गेला. गुंडू खोतानं त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला आणि त्याला समोरच्या पारावर बसवलं, अगदी प्रेमानं. "बस रं गड्या. पोलीस येईस्तोवर आपण जरा गप्पा मारू."

कडी मॅडमनी काढली. ईश्वरी बाहेर आली. मॅडमनी पट्टा परत तिला बांधला, बाळाचा ठोका बघितला, एकशे बेचाळीस, ठणठणीत. तासाभरानं पोलीस आले, एक हवालदार आणि एक तरुण महिला पोलीस. महिला पोलिसानं वही उघडली आणि तोंड शालनकडं वळवलं, कारण गावात असं कधीही काही झालं की सांगायचं काम शालनचंच. शालननं तोंड उघडलं. मग मिटलं. आणि सुनेकडं बोट केलं.

ईश्वरी भिंतीला पाठ टेकून बसली. "सुरुवात लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात झाली," ती म्हणाली. "त्या दिवशी मी प्रयोगशाळेतून उशिरा आले होते..."

ती सांगत होती, वही भरत होती. मधूनच थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची. काही गोष्टी शालनला माहीत होत्या. काही गोष्टी ती वीस पावलांवर असताना घडल्या होत्या. उठावं, चहा टाकावा, भांडी आवरावीत, काहीतरी करावं, असं तिला सारखं होत होतं. खांदा ठणकत होता. ती बसून राहिली.

बाहेर हवालदारानं राजवर्धनला गाडीशी नेलं. दार उघडल्याचा आवाज झाला, आणि मग त्याची हाक आली. लहानपणी ताप चढला की यायची तशीच, तंतोतंत.

"आई! आई, इकडं ये ना! तू सांग की यांना!"

शालनचे गुडघे आपोआप हलले. ती अर्धी उठलीसुद्धा, एक हात जमिनीवर, एक भिंतीला. ईश्वरी बोलायची थांबली आणि तिच्याकडं बघू लागली. महिला पोलिसाचं पेन वहीवर थबकलं.

"आई!"

शालन पुन्हा खाली बसली. पदर तोंडाशी धरला, सोडला.

"पुढं सांग, बाळा," ती सुनेला म्हणाली. "मी ऐकते."